मशीन, मिशी आणि भिंतीतली ठकठक

३ फेब्रुवारी

आधी सगळ्यांची खुशाली. हिचे गुडघे कसे आहेत? उजवा बरा, डावा रुसलेला. लेकीचं पित्त? परवा फोनवर म्हणाली, आहे आपल्या जागी. रंध्याची कंबर? (रंधा म्हणजे माझा सुतार दोस्त. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागतं.) कंबर वाकलेली, जीभ सरळ. न्हाणीघरातला जुना कॉक? त्याला सर्दी, टिपटिप चालू. राहता राहिलो मी. मी ठणठणीत आहे असं मी म्हणतो. डॉक्टर तसं म्हणत नाहीत.

मशीनवाल्या बाईंनी ही वही ठेवायला लावली. "काका, रोज सकाळी लिहायचं. किती तास लावलं, हवा कुठून गेली, उठल्यावर कसं वाटलं." आता मी चौथी शिकलेला माणूस. पुढचं वाचन नळाच्या सामानाच्या कॅटलॉगवर झालं आणि लिखाण पत्रांवर. लग्नानंतर सहा वर्षं लांबच्या साइटवर होतो, तेव्हा हिला दर आठवड्याला पत्र टाकायचो. म्हणून पेन उचललं की खुशालीच उतरते.

तर झालं असं. गेल्या महिन्यात एका घरी ओट्याखाली डोकं घालून नळी जोडत होतो, तिथेच झोपलो. हातात पाना तसाच. घरच्या बाई चहा घेऊन आल्या, तर ओट्याखालून दोन पाय बाहेर, आतून घोरण्याचा गडगडाट, आणि मग तोही बंद. बाईंनी चहा टाकला आणि शेजारी गोळा केले. मग तपासणी झाली. झोपेत माझा श्वास तासाला एकेचाळीस वेळा थांबतो म्हणे. घसा आतून मिटतो. डॉक्टर म्हणाले, हे असंच चाललं तर हृदयावर येईल. बरं होईपर्यंत शिडीवर चढायचं नाही, गाडी चालवायची नाही. रोज रात्री सीपॅप मशीन लावायचं. ते नळीतून हवेचा दाब देतं आणि घसा उघडा ठेवतं. महिन्याने मशीनमधलं कार्ड बघू.

दाब, नळी, उघडं-बंद. म्हटलं, हे तर आपलंच काम.

शिडीचं मला काही नाही. मला दुसरंच हवंय, आणि ते या वहीशिवाय कुणाला सांगवत नाही. नऊ वर्षांपूर्वी ही उशी घेऊन पलीकडच्या खोलीत गेली. ही इस्पितळाच्या फोनबोर्डावर होती, तेव्हा तिला पहाटेची पाळी लागली होती आणि माझ्या घोरण्यात झोप होत नव्हती. पाळी संपली, नोकरी संपली, निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ही काही परत आली नाही. घोरणं गेलं तर येईल, असा माझा हिशेब आहे.

आणि एक लाजेची गोष्ट. नळ-कारागिराच्या घरात भिंतीतली नळी वाजते. दोन खोल्यांमधल्या भिंतीतून रात्री ठक ठक ठक येतं. मी दचकतो, कूस बदलतो, परत झोपतो. सात क्लॅम्प ठोकले, कॉक बदलला, टाकीचा बॉल बदलला. दिव्याखाली अंधार. ही ठकठकही साधारण नऊ वर्षांचीच. एकेक साल खराब असतं.

४ फेब्रुवारी

एक तास दहा मिनिटं. नाक दाबलं की तोंड उघडतं, ही म्हण कुणीतरी हे मशीन लावूनच केली असणार. नाकातून हवा शिरते आणि तोंडातून फुस्स करून बाहेर. घसा कोरडा पडला. झोपेत मास्क कधी काढून फेकला कळलंच नाही. सकाळी चपलेजवळ सापडला.

लेक फोनवर मला बघून म्हणाली, "बाबा, सोंड छान दिसते."

६ फेब्रुवारी

मास्कच्या कडेने हवा गळते. डोळ्यात वारा जातो. गळती म्हटली की मला गप्प बसवत नाही. चारी पट्टे आवळले. तरी गळतं. अजून आवळले. नळीच्या तोंडाला आपली पांढरी टेप दोन वेढे मारली.

सकाळी आरशात बघितलं तर नाकावर लाल चर आणि गालावर दोन रूळ. हिने चहाचा कप ठेवला आणि बघतच राहिली.

"अहो, तोंडावर पाना चालवलात की काय?"

"थोडं आवळावं लागतं."

"नाकापेक्षा मोती जड झालाय तुमचा. त्या मशीनवाल्या मुलीला विचारा आधी."

"मला गळती शिकवायला आता ती मुलगी?"

"तिला नळ जोडता येत नाही. तुम्हाला नाक जोडता येत नाही. फिट्टंफाट."

९ फेब्रुवारी

सोनारानेच कान टोचावेत. मशीनवाल्या बाईंकडे गेलो. वय लेकीपेक्षाही कमी, पण जीभ रंध्याच्या तोडीची. टेप बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"काका, ही टेप कशाला?"

"जोड पक्का व्हायला."

"जोड पक्काच आहे. हा मास्क मऊ आहे, हवेने फुगून चेहऱ्याला बसतो. आवळला की चेपतो, आणि चेपला की जास्त गळतो. तुमच्या वायसरसारखं नाही हे."

खरं तर वायसरचंही तसंच आहे. जास्त पिळला की फाटतो. चाळीस वर्षं पोरांना हेच शिकवलं, आणि स्वतःच्या नाकाची वेळ आली तेव्हा विसरलो.

त्यांनी मला तिथेच आडवं केलं, मशीन चालू केलं आणि मग पट्टे बसवले. बसून नाही, झोपून बसवायचे. झोपल्यावर चेहरा बदलतो म्हणे. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत. दाब सुरुवातीला कमी राहून हळूहळू चढेल असं बटण लावून दिलं. डब्यात रोज ताजं डिस्टिल्ड पाणी घालायचं आणि ओलावा एका अंकाने वाढवायचा, म्हणजे घसा सुकणार नाही. नळाचं पाणी घालू नका म्हणाल्या. नळाचं पाणी काय करतं हे मला सांगायला नको, चाळीस वर्षं नळ्यांतला चुना खरवडलाय. मास्क रोज सकाळी साबणाच्या कोमट पाण्याने धुवायचा. आणि दिवसा वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास लावून बसायचं, म्हणजे जीव घाबरत नाही.

निघताना म्हणाल्या, "भांडू नका त्याच्याशी. ओळख करून घ्या."

११ फेब्रुवारी

दोन बोटांची जागा ठेवूनही नाकाखाली गळतंच. मग गॅसची नळी तपासतो तसं केलं. आरशासमोर बसलो, मशीन चालू, आणि मास्कच्या कडेने साबणाचा फेस लावला. गळती असेल तिथे बुडबुडा येणारच. आला. मिशीच्या दोन्ही टोकांना सुपारीएवढे बुडबुडे.

ही दारात उभी. "हे काय, दाढी की मशीनची आंघोळ?"

मी बोटाने मिशी दाखवली. मास्कमुळे बोलता येईना. ही हसून हसून दाराला टेकली.

मिशी चाळीस वर्षांची. पहिलं मोठं काम मिळालं तेव्हा ठेवलेली. कामावरचे मला मिशीवरूनच ओळखतात. रात्री दहा वेळा ठरवलं की नाही काढायची.

१२ फेब्रुवारी

काढली.

स्वयंपाकघरात गेलो. हिने वळून बघितलं. "कोण पाहिजे आपल्याला? मालक घरी नाहीत."

मग जवळ आली, ओल्या हाताने माझा वरचा ओठ पुसला. "लग्नाच्या फोटोतला हा. होता कुठे इतकी वर्षं?"

मी चहा मागितला.

१८ फेब्रुवारी

पाच तास चाळीस मिनिटं! गळती नाही. सकाळचं डोकं जड नाही. जिना चढताना मधे थांबलो नाही.

आणि सुंठीवाचून खोकला गेला. भिंतीतली ठकठक थांबली! पाच रात्री एकही नाही. गेल्या महिन्यात क्लॅम्पखाली रबराच्या पट्ट्या घातल्या होत्या, त्या आता बसल्या असणार. रबर बसायला वेळ घेतं. हिला अभिमानाने सांगितलं. ही म्हणाली, "हो का? बरं झालं बाई," आणि भाजी चिरत राहिली. कौतुक करायची हिला सवयच नाही.

२३ फेब्रुवारी

सहा तास वीस. सर्दी झाली होती म्हणून एक रात्र चुकली. बाईंनी फोनवर आधी मिठाच्या पाण्याने नाक धुवायला सांगितलं. धुतलं, जमलं. दुपारी झोप येत नाही. तीन वाजता काय करायचं हेच कळेना, म्हणून न्हाणीघरातला कॉक बदलला. त्याची सर्दीही गेली.

२७ फेब्रुवारी

सहा तास पन्नास. मला बरं वाटतंय ते खरं, पण ही खराब दिसायला लागली. डोळ्यांखाली काळं. काल दुपारी वाटाणे सोलता सोलता खुर्चीत झोपली, परात मांडीवर. मी उचलून घेतली तरी जाग नाही. परवा पहाटे पाणी प्यायला उठलो, तर हिच्या खोलीचं दार सताड उघडं आणि ही पलंगावर बसलेली. "गुडघा," म्हणाली.

तिचा पलंग कधी भिंतीला लागला कोण जाणे. आधी खिडकीकडे होता. उशीच्या वर भिंतीचा रंग गेलाय, पेल्याच्या बुडाएवढा. ओल असेल. उन्हाळ्यात बघतो.

आता विचार केला. घोरणं गेलं, ठकठक गेली, मग झोप का नाही? राहिलं काय? मशीनचा आवाज! बारीक आहे, पण फोनबोर्डावर तीस वर्षं काढलेले कान ते. माणूस फोन कानाला लावून गप्प बसला तरी हिला कळायचं की आहे की गेला. त्या कानांना माझी सू-सू टोचत असणार. तिला बोलायचा संकोच.

माझ्यामुळे परत तेच. घोरण्याने नऊ वर्षं घालवली, आता मशीनने पुढची घालवायची नाहीत.

१ मार्च

रंध्याकडून पेटी करवून घेतली. जाड फळी, आतून फोम, नळीपुरतं एकच भोक. रंधा म्हणाला, "यात माणूस ठेवला तरी बाहेर बोंब ऐकू येणार नाही."

"बायकोला झोप लागावी म्हणून आहे रे."

"माझ्यात एवढी माया असती तर मी पेटीत स्वतःच बसलो असतो," म्हणाला, आणि मजुरी घेतली नाही.

मशीन आत ठेवलं, झाकण लावलं. कान लावला तरी आवाज नाही. हिला सांगितलं नाही. सकाळी ताजीतवानी उठेल तेव्हा सांगेन.

२ मार्च

रबराचं काही खरं नाही. रात्री ठकठक परत. परत कसली, दुप्पट. तिनावर थांबेना, ठक ठक ठक ठक, कुणी मागे लागल्यासारखी. मास्क लावून मी टक्क जागा होतो, म्हणून पहिल्यांदा नीट ऐकली. पाण्याचा ठोका असा नसतो. पाण्याचा ठोका एका चालीत येतो. यात धांदल होती.

जरा वेळाने माझ्या खोलीचं दार किलकिलं झालं. ही डोकावली. मी हात हलवला. तिने दार ओढून घेतलं. आवाजाने बिचारी उठली असणार.

आता बास. उद्या भिंत फोडतो.

३ मार्च

छिन्नी, हातोडा, जुनी चादर घेऊन सकाळीच हिच्या खोलीत गेलो. पलंग सरकवला. त्या रंग गेलेल्या जागेवर छिन्नी टेकवली, कारण ओल आहे तिथेच जोड असणार. ही धावत आली. डावा गुडघा असून धावत.

"भिंत फोडू नका."

"आज सोक्षमोक्ष लावतो. नऊ वर्षं छळतेय ही नळी."

"नळी नाही छळत. मी छळतेय."

मला कळेना. हिने उशीखालून आपला केसांचा लाकडी ब्रश काढला, उलटा धरला, आणि त्या जागेवर तीनदा आपटला. ठक ठक ठक. अगदी तोच आवाज. ब्रशच्या पाठीला खळगा पडलेला.

मी पलंगावर बसलो. हातातली छिन्नीही खाली ठेवायची विसरलो.

"बोर्डावर लाइन अचानक गप्प झाली की आम्ही काय करतो?" ही म्हणाली. "हॅलो म्हणतो. तुम्ही घोरायचात तोवर मला झोप लागायची. गप्प झालात की जाग यायची. वीसपर्यंत मोजायचे. एकविसाला हॅलो."

"मग हाक मारायचीस ना."

"हाकेने तुम्ही उठता? शेजारचे उठले असते."

"मला सांगायचंस."

"किती वेळा? तुम्ही म्हणायचात, मी कुठे घोरतो? आणि एकदा म्हटलं, रात्री मी भिंत वाजवते, तर तुमचं अर्धंच ऐकून झालं. दुसऱ्या दिवशी क्लॅम्प घेऊन आलात."

हे खरं आहे. मला आठवलं. तिसरा क्लॅम्प.

"मग मशीन आल्यावर तरी झोपायचंस."

"ते आलं आणि तुमचा आवाजच गेला. सुरुवातीला तर जीवच थाऱ्यावर नसायचा. मग भिंतीतून त्याची बारीक सू-सू लागायला लागली. आत, बाहेर, आत, बाहेर. लाइन चालू आहे म्हणायचं आणि ऐकत पडायचं. झोप येत नव्हती, पण धीर होता. परवा रात्री तीही बंद. मी किती ठोकलं! उत्तर नाही. मग दारातून बघितलं तर तुम्ही हात हलवताय. मेल्या माणसासारखे गप्प पडून हात हलवताय!"

आणि ही रडली. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी हिला चारदा रडताना बघितलं, त्यातलं हे चौथं.

मी विचारलं, "पाळी संपल्यावर परत का नाही आलीस?"

"आले होते. उशी घेऊन दारापर्यंत आले होते. तुम्ही म्हणालात, आता तुला तिकडे बरी झोप लागते ना? मग गेले परत."

मी तसं म्हणालो होतो? म्हणालो असेन. तिला तिकडे बरं वाटतंय ना, एवढंच विचारायचं होतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरातले बंद नळ उघडून दिले मी.

पेटी रंध्याला परत दिली. रंधा म्हणाला, "नाही लागली झोप?" म्हटलं, "जास्तच लागायला आली होती."

४ मार्च

मशीनवाल्या बाईंना फोन करून पेटीचं सांगितलं. "पेटीत?" त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, "काका, मशीनलाही श्वास घ्यायचा असतो. मागच्या जाळीतून ते खोलीतली हवा ओढतं. कोंडलंत तर तापेल, दाब पडेल. त्याला मोकळ्यावर ठेवा, पलंगापेक्षा जरा खाली, म्हणजे नळीतलं पाणी नाकात येणार नाही. आणि जाळी पंधरवड्याने बघा."

मोकळ्यावर ठेवलं. सात तास पाच मिनिटं. ठकठक नाही.

६ मार्च

आज दोघं कार्ड दाखवायला गेलो. डॉक्टरांनी पडद्यावर रेघा दाखवल्या. तासाला एकेचाळीस होते ते आता तीन. शिडी चढा म्हणाले, गाडी चालवा, पण मशीन सोडू नका. बरं वाटलं म्हणून सोडणारेच परत येतात. मग हिच्याकडे वळून म्हणाले, "तुम्ही काही विचारणार?"

हिने पर्समधून चिठ्ठी काढली. विचारलं, "रात्री मधेच लाइट गेली तर मशीन बंद पडेल. तेव्हा यांना कळेल का?"

"मास्कमध्ये कोंडल्यासारखं होऊन बहुतेक जाग येते."

"बहुतेक," ही म्हणाली, आणि ते चिठ्ठीवर लिहून घेतलं.

जाताना रंध्याने गाडीने आणून सोडलं होतं, घरी येताना गाडी मी चालवली. ही बाजूला बसल्या बसल्या झोपली. तोंड उघडं. घोरत होती, थोडंसं. मी हळू चालवली.

आता जेवणं झालीत. ही न्हाणीघरात आहे, नवीन कॉकचं पाणी किती सरळ येतं म्हणून कौतुक चाललंय आतून. तेवढ्यात हे लिहितो. यापुढचं मशीनवाल्या बाईंसाठी नाही, तुझ्यासाठी आहे.

तुला तोंडाने विचारायला गेलो की माझं काहीतरी भलतंच निघतं, हे नऊ वर्षांनी सिद्ध झालंय. पत्रात मला जमायचं, तू तेव्हा म्हणायचीस. म्हणून पत्र. माझी तब्येत ठीक आहे, तासाला तीन. तुझ्या गुडघ्याला माझा नमस्कार. मशीन आता माझ्या उशीच्या उजवीकडे खाली आहे, आणि त्याची सू-सू डाव्या बाजूला स्पष्ट ऐकू येते. मी तिथे आडवं पडून खात्री केली आहे. डावी बाजू मोकळी आहे. तिकडे तुला बरी झोप लागते का, हे मी विचारत नाही. मी म्हणतोय, ये. मी गप्प झालो तर भिंत वाजवू नकोस, कोपर मार.

ही वही आता तुझ्या खोलीत ठेवून येणार होतो. पण तुझी उशी आणि चष्मा इकडेच माझ्या पलंगावर राहिलेत, सकाळी झाडताना विसरलीस वाटतं. ब्रशही आहे. चष्म्याशिवाय तुला वाचता येणार नाही, म्हणून वही इथेच तुझ्या उशीवर ठेवतो, चष्मा तिच्यावर. पुढचं पान कोरं सोडलंय. उत्तर लवकर लिही, मी जागा आहे.